पाळणा नको, दोर हवा

सोलापुरात डोंगर नाही. कडा नाही, घळ नाही, समुद्र तर घाटापलीकडे. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास पसरलेल्या या माळावर मान वर करून बघावं अशी सिद्धेश्वर साखर कारखान्याची एक चिमणी होती. तीही २०२३ च्या जूनमध्ये विमानांना आडवी येते म्हणून पाडली. तरीही याच शहरातल्या आनंद बनसोडे या तरुणाने २०१२ साली एव्हरेस्टचा माथा गाठला. पुढे युरोपातलं एलब्रुस आणि आफ्रिकेतलं किलीमांजारो ही शिखरं केली आणि साहसी उपक्रमांसाठी ‘३६० एक्सप्लोरर’ ही संस्थाही काढली. म्हणजे उंचीशी ओळख करून घ्यायला दाराशी डोंगर असावाच लागतो असं नाही.

आता शाळांच्या सहली, कंपन्यांची शिबिरं, सुट्टीतले कॅम्प अशा सगळ्या जाहिरातींत एक वाक्य हमखास असतं: साहसी खेळांनी भीती जाते, आत्मविश्वास वाढतो. हे खरं आहे, पण अर्धवट. कुठल्या खेळाने, कोणत्या क्रमाने, किती वेळा केल्यावर आणि नेमकं शरीरात व डोक्यात काय घडून, हे कुणी सांगत नाही. ते इथे सावकाश बघू.

सुरुवात गड्ड्यापासून करतो. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजेच गड्डा, भरते आणि होम मैदानाकडे सगळं शहर लोटतं. तिथे आकाशपाळणा असतो. पैसे द्यायचे, बसायचं, दांडी घट्ट धरायची, वर गेल्यावर किंचाळायचं आणि खाली आल्यावर हसायचं. त्याच यात्रेत बाराबंदी घातलेले मानकरी नंदीध्वज पेलत मिरवणुकीने जातात. सात नंदीध्वज, म्हणजे दोन-तीन मजल्यांइतक्या उंच काठ्या, तोल गेला तर सावरायला सोबती असतात, पण भार एकट्याच्या कमरेवर. हे काम यात्रेच्या दिवशी कुणी पहिल्यांदा करत नाही. त्याचा सराव कितीतरी आधीपासून सुरू होतो आणि दरवर्षी होतो.

पाळण्यात बसणारा आणि नंदीध्वज पेलणारा, दोघांच्याही छातीत धडधड होते. पण पाळण्यातल्या माणसाच्या हातात काहीच नसतं. त्याने डोळे मिटले काय आणि उघडले काय, पाळणा फिरणारच. काठी पेलणाऱ्याचं तसं नाही. पुढच्या क्षणी काय होणार हे त्याच्या पायांवर, कमरेवर, नजरेवर ठरतं. साहसी खेळांची विभागणी मी याच कसोटीवर करतो. बंजी जंपिंग, प्रशिक्षकाच्या पोटाला बांधून मारलेली विमानातली उडी, झिपलाइन हे सगळे पाळणे. मजा येते, आठवण राहते, फोटो छान येतो. रॅपलिंग, प्रस्तरारोहण, पोहणं, स्वतः उडवायला शिकलेलं पॅराग्लायडर ही दुसरी जात. भीतीवर काम करायचं असेल तर दुसऱ्या जातीकडे जावं, आणि त्यातही पहिल्यांदा रॅपलिंगकडे. कारण त्यात कौशल्य आहे, पण ते एका दिवसात हाताला लागण्याइतकं सोपं आहे.

आधी भीतीचं शरीर बघू. कड्याच्या काठावर उभं राहिलं की मेंदूच्या आत, कानशिलांच्या पातळीवर असलेला बदामाएवढा भाग, अमिग्डाला, धोक्याची वर्दी देतो. विचार करणारा मेंदू ‘दोर बांधलेला आहे’ असं म्हणायच्या आत ही वर्दी पोचलेली असते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन सुटतं. नाडी धावते, श्वास उथळ होतो, रक्त मांड्यांसारख्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी ही तयारी उत्तम. गाठ मारण्यासाठी वाईट. बोटांचं बारीक काम बिघडतं, नजर एका बिंदूवर खिळते, शेजारचा काय सांगतो ते ऐकू येईनासं होतं. म्हणून चांगला प्रशिक्षक काठावर लांब वाक्य बोलत नाही. ‘उजवा हात मागे.’ ‘बस.’ ‘पाय फाक.’ एवढंच.

उंचीच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे, आपले ट्रेकर तिला दृष्टिभय म्हणतात. आपण सरळ उभे असतो तेव्हाही शरीर किंचित डुलत असतं आणि जवळच्या वस्तू सरकताना दिसल्या की डोळे ते डुलणं ओळखून तोल सावरायला लावतात. कड्यावर समोरची प्रत्येक वस्तू शेकडो फूट लांब. डुललं तरी डोळ्यांना कळत नाही. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो हललास, डोळे म्हणतात नाही हललो. या भांडणात चक्कर येते. यात भित्रेपणाचा संबंध नाही, ही सगळ्यांची शरीररचना आहे. उपायही साधा: दरीत न बघता हातभर अंतरावरच्या दगडाकडे बघायचं, शक्य असेल तर त्याला हात लावायचा, आणि बसायचं. काठावर बसलेल्या माणसाला उभ्या माणसापेक्षा कमी चक्कर येते, हे कुणीही पाच मिनिटांत पडताळून पाहू शकतो.

या सगळ्या वादळाला शिखर असतं. काही मिनिटांत ते चढतं आणि आपण तिथेच थांबलो, जीव धोक्यात नसेल, तर उतरू लागतं. गोम इथेच आहे. बहुतेक जण शिखरावर असतानाच मागे फिरतात. मागे फिरल्याबरोबर सुटका वाटते आणि मेंदू धडा घेतो: पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. स्टेजवर बोलायचं टाळणाऱ्याचं, इंजेक्शन टाळणाऱ्याचं, इंग्रजीतून बोलायची वेळ आली की फोन कानाला लावणाऱ्याचं हेच होतं. टाळणं हेच भीतीचं खतपाणी.

त्यावरचा इलाज नवा नाही. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. पीटरला सशाची भीती. ससाच नव्हे, लोकरीची, कापसाचीसुद्धा. जोन्सबाईंनी त्याला ससा एकदम हातात दिला नाही. तो आवडीचं खात असताना पिंजरा खोलीच्या टोकाला ठेवला, मग थोडा जवळ, मग आणखी जवळ. न भिणारी दुसरी मुलंही आणून खेळवली. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. पुढे १९५८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले जोसेफ वोल्पे यांनी याच पायऱ्यांना उपचाराची शिस्त दिली. कमी भीतीच्या प्रसंगापासून जास्त भीतीच्या प्रसंगाकडे जाणारी शिडी आज जगभर वापरली जाते.

आपल्या खेड्यांत ही शिडी पुस्तकाविना होती. सोलापूर जिल्ह्यातले किती लोक पोहणं विहिरीत शिकले असतील! आधी पायऱ्यांवर बसून पाय सोडायचे. मग पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळका भोपळा आणि कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक मामाच्या हातात. काही दिवसांनी डबा तोच, दोर सुटतो. मग डबाही जातो. मग खालच्या पायरीवरून उडी, मग काठावरून मुटका, आणि उन्हाळा संपेपर्यंत पोरगा सूर मारायला लागलेला असतो. यात ‘घाबरू नकोस’ असं भाषण कुणी देत नाही. फक्त मदत थोडी थोडी काढून घेतली जाते. अर्थात पोहणारा मोठा माणूस काठावर नसेल तर विहीर जीव घेते, आणि दरवर्षी घेतेही. शिडीचा पहिला दांडा म्हणजे तो मामा.

आता दोर. रॅपलिंगमध्ये नेमकं काय होतं हे कळलं की निम्मी भीती माहितीच्या पातळीवर सुटते. उरलेली निम्मी शरीराने सोडवायची असते.

वर एक घट्ट आधार असतो, त्याला अँकर म्हणतात. मोठं झाड, कातळात ठोकलेले बोल्ट, न हलणारी शिळा. नियम असा की आधार एकटा कधीच नसावा. दोन किंवा तीन स्वतंत्र आधार असे जोडायचे, की एक निसटला तरी दुसऱ्याने भार घ्यावा. त्यातून खाली सोडलेला दोर साधारण १० ते ११ मिलिमीटर जाडीचा, कमी ताणला जाणारा. असा दोर तुटायला साधारण २२ किलोन्यूटन किंवा त्याहून अधिक बळ लागतं. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलो वजन. म्हणजे बावीसशे किलो. गाठ मारली की दोराची ताकद पाव ते तिसऱ्या हिश्श्याने घटते, तरी दीड टन उरते. त्यावर लटकणार तुम्ही, सत्तर किलोचे. कमरेला हार्नेस, डोक्यावर हेल्मेट, हार्नेसला कुलपासारखी फिरणारी कडी असलेला कॅराबिनर. त्याच्या अंगावरही २२ किंवा अधिक किलोन्यूटन असा आकडा कोरलेला असतो. पण कडी उघडी राहिली तर तोच आकडा सात-आठवर येतो. म्हणून प्रशिक्षक कडी फिरवून बघतो, पुन्हा दाबून बघतो. ही तपासणी कंटाळवाणी वाटते. ती कंटाळवाणीच असायला हवी.

कॅराबिनरमध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखी धातूची वस्तू अडकवलेली असते, डिसेंडर. दोर तिच्यातून वळून जातो आणि घर्षणामुळे बहुतेक भार तीच खाते. सत्तर किलो हाताने पेलायचे नसतात; हाताला उरतो तो थोडासा ताण. मागचा हात, उजव्या हाताच्या माणसाचा उजवा, दोर धरून कमरेमागे असतो. हात मागे नेऊन आवळला की थांबता, सैल केला की उतरता. सगळा खेळ या एका हातात आहे. पुढचा हात फक्त तोलासाठी. घाबरलेला माणूस नेमका पुढच्या हाताने दोराला मिठी मारतो आणि मागचा विसरतो.

तो विसरला तरी तो पडू नये म्हणून दुसरा दोर असतो, बिले. तो वेगळ्या अँकरवरून दुसरा माणूस धरून असतो. तुम्ही दोन्ही हात सोडले तरी बिलेवाला तुम्हाला अधांतरी थांबवतो. सरावाच्या जागी चांगले प्रशिक्षक हे मुद्दाम करून दाखवतात: दहा फुटांवर ‘सोड हात’ म्हणतात आणि तुम्ही लोंबकळता. मला हा सगळ्या प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. विश्वास ठेव म्हणून सांगितल्याने येत नाही. दोराने धरून ठेवलं की येतो. ज्या शिबिरात हे करून दाखवत नाहीत तिथे वेळ वाचवला जातोय असं समजा.

मग काठ. काठावर पाठमोरं उभं राहून शून्यात मागे झुकायचं असतं आणि इथे शरीराची सहज बुद्धी चुकीची निघते. ती म्हणते, कातळाला चिकट. चिकटलं की पावलांची टोकं खाली झुकतात, तळवा दगडावर दाबला जात नाही आणि पाय घसरतात, गुडघे फुटतात. उलट मागे झुकून हार्नेसमध्ये खुर्चीत बसल्यासारखं बसलं, पाय खांद्यांइतके फाकवले, तर पूर्ण तळवा कातळावर काटकोनात दाबला जातो आणि पकड येते. म्हणजे जे धोक्याचं वाटतं ते सुरक्षित, आणि जे सुरक्षित वाटतं ते धोक्याचं. हे वाचून पटतं. पण काठावर ते पायांना पटवायला पहिल्या वेळी दहा मिनिटंही लागतात, आणि लागू द्यावीत. त्या वेळात श्वास मोजावा: आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यावा. लांब उच्छ्वासाने नाडी मंदावते, हे शरीरशास्त्र आहे.

दोन बारीक गोष्टी, ज्यांच्यामुळे खरे अपघात होतात. मोकळे केस, ओढणी, गळ्यातला रुमाल डिसेंडरमध्ये ओढला जातो. सगळं आत खोचलेलं हवं. आणि सिनेमात दाखवतात तशा उड्या मारत वेगाने उतरायचं नसतं. त्याने अँकरवर हिसके बसतात, धातू तापतो, धारदार कडेवर दोर घासतो. चांगलं रॅपलिंग बघायला कंटाळवाणं असतं. माणूस भिंतीवरून चालत खाली येतो.

एकदा खाली पोचल्यावर लोक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात आणि बहुतेकांचं साहस तिथेच संपतं. इथेच पैसे वाया जातात. पाव्हलॉवला त्याच्या कुत्र्यांत दिसलं होतं की विझलेली प्रतिक्रिया काही काळ गेल्यावर आपोआप पुन्हा डोकं वर काढते. भीतीचंही तसंच. जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी लिहिली जाते आणि वेळ येईल तेव्हा दोघींत चढाओढ लागते. लॉस एंजलिसच्या विद्यापीठातल्या मिशेल क्रॅस्क यांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. त्याचं सार असं, की भीती किती कमी झाली याहून महत्त्वाचं म्हणजे अंदाज किती चुकला. म्हणून उतरण्याआधी मनात किंवा वहीत लिहावं: काय होईल असं वाटतंय? ‘हात सुटेल, सगळे हसतील, मी रडेन.’ उतरल्यावर लिहावं: काय झालं? रडू आलं असेल तर तेही लिहावं. आणि जागा बदलावी. एकाच भिंतीवर दहादा उतरलेल्या माणसाची भीती त्या भिंतीपुरती जाते. वेगळा कडा, वेगळे सोबती, वेगळी वेळ असली की नवी आठवण पक्की होते.

सोलापूरकराला हे जमवायचं कसं? शिडी लांब करायची. जवळच्या उंचीपासून सुरू करा. नळदुर्ग पन्नासेक किलोमीटरवर. तिथला उपळ्या बुरूज पायऱ्यांनी चढून कठड्याशी दहा मिनिटं शांत उभं राहणं ही दृष्टिभयासाठी उत्तम पहिली पायरी. (दोर मात्र तिथे लावू नका, ते संरक्षित स्मारक आहे आणि जुन्या दगडांवर अँकर मारणं हा गुन्हाच.) मग एखाद्या शिबिरात दहा-पंधरा फुटांच्या भिंतीवर दोराची, बिलेची ओळख. मग हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन तिथल्या गिर्यारोहण संस्थांबरोबर सह्याद्रीतला तीस-चाळीस फुटांचा कातळ. लोणावळ्याची नागफणी, लिंगाण्याचा सुळका हे त्यानंतरचं, बरंच नंतरचं. ज्यांना या वाटेवर पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आणि दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आहे. तिथला बेसिक कोर्स जवळजवळ महिनाभराचा असतो आणि त्यात ओझं वाहणं, भांडी घासणं, पहाटे उठणं हे दोराइतकंच शिकवतात. माझ्या मते आत्मविश्वास तिथे जास्त येतो.

कुणी म्हणेल, एका फटक्यात भीती जाणारी माणसंही आहेत. आहेत. शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी विमानातून आयुष्यातली पहिली उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंश तापमानात. २००६ मध्ये अंटार्क्टिकावर उडी मारली, २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१८ मध्ये थायलंडमधल्या पट्टाया इथे नऊवारी नेसून त्यांनी मारलेली उडी तर घराघरात पोचली. पण त्यांच्या पहिल्या उडीचं उदाहरण देणारे पुढच्या शेकडो उड्या विसरतात. पहिल्या उडीने त्यांना दार उघडून दिलं असेल. त्या घडल्या नंतरच्या उड्यांनी. मुक्तपतनात शरीर ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतं, अशा वेळी छत्री केव्हा उघडायची, उघडली नाही तर राखीव छत्री केव्हा, हे हाताला माहीत व्हायला उड्याच माराव्या लागतात.

आता कळीचा प्रश्न. दोरावर मिळालेला आत्मविश्वास मुलाखतीत, वर्गात, सासरी, बँकेच्या काउंटरवर कामी येतो का? आपोआप नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या भावनेचे चार झरे सांगितले: स्वतः करून जमलेली गोष्ट, आपल्यासारख्या कुणाला तरी जमलेलं बघणं, दुसऱ्याने दिलेला धीर आणि स्वतःच्या शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. सगळ्यांत जोर पहिल्याचा, तिसरा त्याहून कमजोर. आणि आपण मुलांना देतो तो मुख्यतः तिसराच. सापाला भिणाऱ्या लोकांवर बांडुरांनी प्रयोग केले. प्रशिक्षकाबरोबर पायरीपायरीने काही तासांत सापाला हात लावायला शिकलेल्यांपैकी काहींना इतर बाबतींतही धीर आल्यासारखा वाटू लागला. जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये साहसी शिक्षणावरचे ९६ अभ्यास एकत्र तपासले. स्वतःवर ताबा असल्याची जाणीव वाढते आणि शिबिर संपल्यावरही ती टिकते, असं दिसलं. पण शिबिराशिबिरांत फरक मोठा होता, आणि लांब मुदतीच्या शिबिरांचा परिणाम अधिक चांगला होता.

चौथा झरा मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. काठावर जी धडधड, जो घाम, तोच मुलाखतीच्या खोलीबाहेर येतो. ज्याने ही धडधड असताना मागचा हात शांतपणे सैल केला आहे त्याला एवढं ठाऊक असतं की धडधड आणि काम एकत्र चालू शकतात. एवढी एक माहिती शरीराने मिळवली तरी पुष्कळ झालं. पण तिचा धागा कुणीतरी जोडून द्यावा लागतो. रात्रीच्या शेकोटीभोवती प्रत्येकाला बोलायला लावणारा प्रशिक्षक म्हणूनच महत्त्वाचा: काठावर तू स्वतःशी काय बोललास? सोमवारी वर्गात हात वर करताना तेच बोलशील का? हे विचारलं गेलं नाही तर डोंगरातला वाघ घरी येऊन पुन्हा मांजर होतो.

काही जणांनी या वाटेला जाऊच नये, किंवा डॉक्टरांना विचारून जावं: हृदयविकार, फिट्स, गरोदरपण, पाठीचं वा मानेचं दुखणं असलेल्यांनी. आणि ज्यांना पॅनिक अ‍ॅटॅक येतात, ज्यांच्या मागे एखादा भयंकर प्रसंग आहे, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय नाही. भीती हा जेव्हा आजार असतो तेव्हा तिच्यासाठी शिबिर पुरत नाही. दुसरं म्हणजे ढकलणं. ‘एकदा ढकललं की भीती जाते’ हा आपल्याकडचा लाडका समज आहे. ढकललेल्या मुलाच्या हाती काहीच नसतं. तो पाळण्यातच बसलेला असतो, आणि तोही नको असताना. त्याची भीती जाड होते आणि वर मोठ्या माणसांवरचा विश्वास जातो. स्वतःहून पाच फूट उतरून ‘बस’ म्हणणारा मुलगा ढकलून पन्नास फूट उतरलेल्यापेक्षा पुढे गेलेला असतो.

भीती पूर्ण गेली पाहिजे असंही नाही. जानेवारी २०२० मध्ये ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अपघाती मृत्यू झाला. सह्याद्रीत पिढ्या घडवणारा, दोराच्या कामात मुरलेला माणूस. कडा अनुभवाला सवलत देत नाही, हे त्या दिवशी साऱ्या गिर्यारोहकांना पुन्हा कळलं. दोर तपासायला लावते ती भीती ठेवायची असते. पाय बांधून ठेवते ती सोडायची असते. दोहोंतला फरक ओळखता येणं, एवढंच प्रशिक्षण शेवटी देऊ शकतं.

महाराष्ट्र शासनाने साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी २०१८ मध्ये शासन निर्णय काढला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं त्यात अपेक्षित आहे. तेव्हा पैसे भरण्याआधी नोंदणी विचारा. बिलेचा दोर वेगळ्या अँकरवर असतो का, दोर किती जुना आहे आणि त्याच्या वापराची नोंद ठेवता का, सर्वांत जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर, प्रथमोपचार येणारा कोण, विमा आहे का, हेही विचारा. विचारल्यावर चिडणारा आयोजक नको. आणि शेवटचं विचारा: काठावर गेल्यावर माझ्या मुलीने ‘नाही’ म्हटलं तर काय करता? ‘आम्ही तिला उतरवतोच’ असं अभिमानाने सांगणाऱ्याकडे नाव नोंदवू नका. पहिल्या दोरासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात कातळ निसरडा असतो आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी दगडाला हात लावता येत नाही.